हमीद, तो शिक्का मीच मारला होता

दोन हजार बारा साल होतं, हमीद, आणि मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. तू माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण तुझी दाढी माझ्या आधी पिकली. त्या साली तू धरतीचं आडनाव मागायले निघाला होता, आणि पुढच्या साली मी तुले माझ्या दारातून परत लावलं होतं.

हे आता काऊन लिहून राह्यलो ते आधी सांगतो. तुझी पोरगी सना तुझ्या जाण्याच्या चाळिसाव्या दिवसासाठी एक लहानसं पुस्तक काढणार आहे. तुले ओळखणारे सगळे त्यात लिहिणार. कोणी तुझं शिक्षण लिहील, कोणी तुले मिळालेल्या शालींचं लिहील. ते त्यांच्यापाशी राहू दे. मी सनाले म्हटलं, पोरी, मी चौथी शिकलेला माणूस, लिफाफ्यावर पत्ता लिहितानाही मले घाम फुटते. ती म्हणाली, "चाचा, अब्बाशी तुमच्याइतकं कोणी भांडलं नाही. बाकीचे गोड लिहितीन. तुम्ही खरं लिहा."

खरं लिहायले बसलं की पेन जड होते, गड्या.

तुझ्या मातीच्या दिवशी चिखलीच्या कबरस्तानात मी तीन मुठी माती दिली. तुमच्यात तीनच देतात हे मले माहीत होतं, तरी मी चौथी दिली. तुझ्या मेहुण्यानं माझ्याकडं पाह्यलं. ती चौथी मूठ गिधाड्या टेकडीची होती. सदऱ्याच्या खिशात घालून आणली होती. अजून त्या खिशाच्या शिवणीत लाल माती आहे. सूनबाईले तो सदरा धुवू दिला नाही.

गिधाड्या म्हणजे आमच्या गावावरची टेकडी, हे वाचणाऱ्याले सांगावं लागन. उंद्रीकडून येताना डाव्या हाताले दिसते. आज तिच्यावर धावडा आहे, सालई आहे, पळस तर विचारूच नका. पण तू पहिल्यांदा आला तवा ती बोडखी होती. तुझं चिखलीत जळालेल्या मोटरी भरून द्यायचं दुकान होतं, कॉम्प्युटरचा क्लास तू पुढं काढला. माझी विहिरीतली मोटर एका उन्हाळ्यात तिसऱ्यांदा जळाली म्हणून तुले बोलावलं. तू मोटर पाह्यलीच नाही. वर टेकडीकडं पाह्यलं आणि म्हणला, "भाऊ, मोटरीत खोट नाही. तिथं वर काडी नाही राह्यली, पाणी थांबन कुठं? ही बिचारी कोरडीच फिरून राह्यली."

मले राग आला. चिखलीचा मोटरवाला मले माझ्या गावाची टेकडी शिकवते म्हणून. मी तुले चहासुद्धा विचारला नाही. पण दोन वर्षांनी मीच गाव गोळा केलं, कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, घरटी एक दिवस राखणीची पाळी लावली. सगळ्यांना सांगतलं की ही अक्कल माझी. तुले ते ऐकू आलं तवा तू हसला आणि समितीसाठी एक गोल रबरी शिक्का बनवून आणला. मधात झाड, भोवती गावाचं नाव. "अध्यक्षाजवळ शिक्का पाह्यजे," म्हणला. तो शिक्का मी सुपारीच्या डब्यात ठेवला, आणि तेव्हापासून डबा माझ्या उशाशी असते. तो शिक्का तू दिला होता, हेही मी कोणाले सांगतलं नाही. आज सांगून राह्यलो.

मग ते आडनावाचं वेड. तू पाराखाली बसून समजावलं होतं. जसं आपल्याकडं उंद्रीचा तो उंद्रीकर, तसं कॉम्प्युटरवरच्या पत्त्यालेही टिंबाच्या पुढं आडनाव असते. ती आडनावं वाटणारी एक कचेरी परदेशात आहे. तिनं नवी आडनावं द्यायचं काढलं, आपल्या लिपीतलीही. देशभरातल्या झाडंवाल्या, पाणीवाल्या लहान लहान संस्था एक झाल्या, तू त्यांच्यात गेला, आणि तुम्ही मिळून 'धरती' हे आडनाव मागितलं. तेच आडनाव शहरातल्या एका मोठ्या कंपनीनंही मागितलं. आता द्यायचं कोणाले? तर कचेरीचा नियम असा, की त्या नावाचे खरे लोक ज्याच्या पाठीशी उभे राहतील त्याले द्यायचं; साक्षीची पत्रं पाहून कचेरी परीक्षेसारखे गुण देते. तसं कोणाचंच पक्कं ठरलं नाही, तर लिलाव.

"लिलावात आपण मरतो, भाऊ," तू म्हणला. "साक्षीत जिंकू."

मी तुले चिडवलं. म्हटलं, धरती काय कोणाचं आडनाव होते का बे? उद्या आभाळाचा सातबारा काढशील, परवा वाऱ्याची वारस नोंद करशील. लोकं हसले. तूही हसला, पण सोडलं नाही. तुझं म्हणणं एकच होतं, "सातबारा नाही मांगून राह्यलो. राखण मांगून राह्यलो. टेकडीवर तू काय करतो? मालक आहे का? नाही. कोण आत जाईन आणि कोण नाही, तेवढं पाह्यतो. मलेही तेवढंच पाह्यजे. ज्यानं झाड लावलं त्यानं धरती म्हणवावं, ज्यानं डोंगर फोडला त्यानं नाही."

ते भांडण आपण दोन पावसाळे केलं. जीपमध्ये केलं, चिखलीच्या बाजार समितीच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या उभ्या असताना केलं, माझ्या मंजुळेच्या हातचे शेंगोळे खाता खाता केलं. मी हरत चाललो होतो, ते मले कळत होतं. राखणीचं बोलणं मले पटलं होतं. पण पटलं म्हणून सांगणं माझ्या जिभेत नाही. बापाच्याही नव्हतं.

तुमच्या अर्जात पहिलं उदाहरण आपल्या गिधाड्याचं होतं. देशात एवढ्या संस्था, पण तू आपली टेकडी वर ठेवली. म्हणून आपल्या समितीचं पत्र सगळ्यात मोलाचं होतं. तू ते मराठीत लिहून आणलं, इंग्रजी नंतर करणार होता. समितीचे सहा जण पारावर होते. तू उभं राहून वाचलं. चांगलं लिहिलं होतं. मधात ओळ आली, 'टेकडीच्या पायथ्याच्या गरीब व निरक्षर गावकऱ्यांनी.'

मी म्हटलं, गरीब म्हण, चालते. निरक्षर काऊन?

तू म्हणला, "अरे भाऊ, तिकडं असंच लिहावं लागते. त्याशिवाय त्यांच्या डोळ्यात पाणी येत नाही."

तुझ्या मनात काही नव्हतं, हे मले तेव्हाही माहीत होतं. पण माझ्या सहा माणसांसमोर तू मले निरक्षर म्हटलं. ज्या माणसानं समितीची वही अकरा वर्षं स्वतःच्या हातानं लिहिली, वेलांट्या चुकवत का होईना, त्याले. मी डबा बंद केला. म्हटलं, हमीदमियाँ, आमचा शिक्का निरक्षर माणसाचा आहे, तुमच्या कामाचा नाही. तुम्ही दुसरं गाव पाहा.

एवढ्या वर्षांत तुले पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. तू कागदाची घडी केली आणि गेला.

तिसऱ्या दिवशी परत आला. मी आतल्या खोलीत कापसाच्या गंजीमागं बसलो आणि मंजुळेले सांगतलं, घरी नाही म्हण. तिनं सांगतलं. माझ्या चपला दारातच होत्या. एक सरळ, एक उलटी. उलटी चप्पल घरात भांडण आणते म्हणतात, आणि तू आमच्याहून जास्त मानायचा असलं सगळं. तू वाकला, ती चप्पल सरळ केली, दोन्ही जोडीनं भिंतीले लावून ठेवल्या. पाणी पेला. म्हणला, "वहिनी, भाऊले सांगजा, शब्द बदलला म्हणून."

मंजुळेनं मले सांगतलं. कोणता शब्द, हे मी विचारलं नाही. ती म्हणाली, "त्यांनी तुमच्या चपला पाह्यल्या." मी म्हटलं, पाहू दे. ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा चपला बऱ्या, दारात तरी बसतात." ती गेल्याले आता सहा वर्षं झाली. तिचं हे बोलणं मले रोज ऐकू येते, चपला घालताना.

आता पुढचं. हे तुले माहीत होतं, पण मी सांगतलं नव्हतं.

आठ दिवसांनी कंपनीची पांढरी गाडी आली. तिघं होते. शाल आणली, नारळ आणलं, मले अध्यक्ष महोदय म्हटलं. टेकडीवर जाऊन एक वडाचं रोप लावलं, फोटो काढला. आपल्या समितीचा रिवाज तुले माहीत आहे, जो टेकडीवर येऊन झाड लावीन त्याले शिक्क्याचं पत्र द्यायचं, रिकाम्या हातानं कोणाले लावायचं नाही. मामुली पत्र, आभाराचं. म्हणून मी कोणाले काही विचारलं नाही. त्यांनी पत्र तयारच आणलं होतं. दोन पानं, इंग्रजी.

त्यातला लहान साहेब भला होता. म्हणाला, "महोदय, वाचून घ्या, मग शिक्का द्या. समजलं नाही तर मी सांगतो."

'समजलं नाही तर' म्हणला नसता, तर कदाचित मी विचारलं असतं. सहाही जण पाहून राह्यले होते. मी चष्मा लावला. तहसीलमध्ये बाबू लोक जसे ओळीवरून डोळा फिरवतात, तसा फिरवला. पान उलटलं. एका जागी थांबून मान हलवली. म्हटलं, ठीक आहे. आणि तू बनवून दिलेला शिक्का, हमीद, दोन्ही पानांवर मारला. चांगला ठसठशीत.

मी निरक्षर नाही हे दाखवायले मी न वाचता शिक्का मारला. एवढी एक ओळ लिहायले मले एवढी वर्षं लागली.

निकाल यायले खूप दिवस गेले. तोवर आपलं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. तूच सुरू केलं, नेहमीसारखं, जसं काही झालंच नव्हतं. मग एक दिवस तू आला आणि ओट्यावर बसला. "एका गुणानं गेलं, भाऊ. आता लिलाव. म्हणजे गेलंच."

मी विचारलं, कशानं गेलं?

तू माझ्याकडं पाह्यलं. मग म्हणला, "पेपर कठीण होता." आणि चहा मागितला.

कंपनीले ते आडनाव मिळालं. ती कोणालेही विकायले लागली, जो पैसा देईन त्याले. आपल्या शेजारच्या डोंगरावर खडी क्रशर आलं. त्याच्या ट्रकच्या मांगच्या फळ्यावर पिवळ्या रंगात पत्ता लिहिलेला, शेवटी टिंब, आणि टिंबापुढं धरती. तो ट्रक पहिल्यांदा गावातून गेला तवा तू आणि मी फाट्यावर जीपची वाट पाहत उभे होतो. धुळीनं आपण पांढरे झालो. आणि मी काय बोललो, तर, पाह्य बे, तुह्या धरतीचं काय झालं.

मी, ज्यानं शिक्का मारला होता, त्यानं तुले टोमणा मारला. तू रुमालानं तोंड पुसलं. आधी माझं, मग तुझं.

त्याच हिवाळ्यात तुले दुसरं वेड लागलं. दर बाजाराच्या दिवशी मले क्लासात बसवायचा आणि इंग्रजी अक्षरं शिकवायचा. पासष्टी उलटलेल्या माणसाले. मी म्हटलं, मसणात जायच्या वयात मले कोणता पेपर द्यायचा आहे? तू म्हणला, "बियाण्याच्या पाकिटावर काय लिहिलं ते तरी वाचजो. फसवतात लोकं." तुझ्या पोरापोरींच्या मधात मी बसायचो. चपला दारात काढून. तू कधी बियाण्याची पाकिटं आणायचा, कधी औषधाचे डबे, कधी वीजबिल. कठोर मास्तर होता तू. 'बी' आणि 'डी'मध्ये मी वर्षभर गोंधळलो. तू म्हणायचा, पोट कोणत्या बाजूले आहे ते पाह्य, बैलाची शिंगं ओळखतो आणि हे नाही ओळखत?

मले वाटायचं, याले आता काम नाही, म्हणून माझ्या मांगं लागला. मी सगळ्या गावाले सांगायचो, हमीदले करमत नाही म्हणून मी जातो बिचाऱ्यासाठी.

शेवटी भेटलो तवा तू पलंगावर होता, हात काडीसारखे झालेले. खोलीत आपण दोघंच. तू म्हणला, "भाऊ, काही सांगाचं आहे का मले?" मी म्हटलं, काय सांगाचं? लवकर उठ, पाकिटं वाचायची राह्यली. तू डोळे मिटले आणि म्हणला, "हाव. राह्यलीच."

दार तू उघडं ठेवलं होतं, हमीद. मी तेव्हाही गंजीमागंच बसलो.

तुले माती दिल्यावर आठ दिवसांनी सना गावात आली. पुस्तकाचं सांगतलं आणि एक फाईल दिली. म्हणाली, अब्बानं सांगतलं होतं, ही शिवरामभाऊच्या हातात द्यायची, दुसऱ्या कोणाच्या नाही. ती गेल्यावर मी ओट्यावर बसून उघडली. उन्हं उतरायची होती.

वरचाच कागद माझा होता. दोन पानं इंग्रजी, दोन्हीवर गोल शिक्का, मधात झाड. फोटोसारखं छापून घेतलेलं. सना म्हणाली होती, त्या कचेरीकडं गेलेलं प्रत्येक पत्र सगळ्या जगाले दिसायचं. कोपऱ्यात छापल्याची तारीख होती. कंपनीची गाडी येऊन गेली, त्याच्या चौथ्या दिवसाची.

चौथ्या दिवसापासून तुले माहीत होतं.

मी बोट ठेवून वाचायले लागलो. तू शिकवलं तसं, एक एक अक्षर. पुष्कळ शब्द कळले नाहीत. आपल्या टेकडीचं नाव कळलं. मग एका ओळीत 'नॉट' आलं. हे 'नॉट' तू मले कीटकनाशकाच्या डब्यावर शिकवलं होतं, लहान लेकरांच्या हाती देऊ नये, तिथं. त्याच्या पुढं एक नाव होतं. एच, ए, एम, आय. शेवटचं अक्षर, पोट कोणत्या बाजूले आहे ते पाह्यलं. डी.

हमीद नाही. आमचा हमीदशी संबंध नाही. हमीदच्या अर्जाले आमचा पाठिंबा नाही. असंच काहीतरी. पुरं वाचता येत नाही मले, पण तेवढं आलं. ज्या टेकडीच्या भरवशावर तू जगासमोर उभा राह्यला, त्या टेकडीच्या अध्यक्षानं शिक्का मारून सांगतलं होतं की हा आमचा नाही. एक गुण तिथं गेला होता.

आणि हे वाचता यावं म्हणून तू मले शिकवत होता का, गड्या? का पुढच्या वेळी कोणी फसवू नये म्हणून? हे मी आता कोणाले विचारू? तू कधीच भांडला नाही यावर. एवढं भांडायचा माझ्याशी, उलट्या चपलेवरून भांडायचा, आणि यावर नाही. एकदा माझी कॉलर धरली असती तर मी रडलो असतो, आणि सुटलो असतो. तू मले सोडवलं नाही. तू मले अक्षरं दिली आणि वाट पाह्यली.

त्याच्याखाली दुसरा कागद होता. तुझ्या अक्षरातलं मराठी पत्र, पारावर वाचलं होतं ते. 'गरीब व निरक्षर' खोडलं होतं. एकदा नाही, चारदा रेघ ओढून, कागद फाटेपर्यंत. वर लिहिलं होतं, 'राखणदार'. टेकडीच्या पायथ्याच्या राखणदार गावकऱ्यांनी. खाली माझं नाव, आणि नावाच्या बाजूले शिक्क्यासाठी पेन्सिलनं काढलेला एक गोल. तो गोल रिकामा होता.

तो कागद खिशात घेऊन तू त्या दिवशी माझ्या दारात उभा होता. माझ्या चपला पाहून.

सूनबाई विचारत होती, बाबा, दिवा लावू का, काय वाचता अंधारात? मी म्हटलं, लाव. तिच्या दिव्याच्या उजेडात मी ते मराठी पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. ती ऐकत उभी राह्यली. मग म्हणाली, कोणाचं आहे? मी म्हटलं, माझं आहे. तिकडं द्यायचं राह्यलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुपारीचा डबा उघडला. शाईची गादी वाळून कडक झाली होती, तिच्यावर पाण्याचे थेंब टाकले. पेन्सिलच्या गोलात शिक्का मारला. फिकट उठला, पण झाड दिसते. पत्र आणि शिक्का दोन्ही पिशवीत घालून पहिल्या एसटीनं चिखलीले आलो. सना तुझ्या क्लासचं शटर उचलून राह्यली होती. चारदोन पोरं पायरीवर उभी होती. मी त्यांच्या देखत सांगतलं, सना, तुह्या अब्बाच्या विरोधातलं ते पत्र मी दिलं होतं. मले वाचता येत नव्हतं आणि मी विचारलं नाही.

तिनं शटर वर लावलं. हात झटकले. म्हणाली, "माहीत आहे, चाचा. या, आत या."

मी पायरीवर बसलो, चपला काढल्या. दोन्ही सरळ केल्या, जोडीनं भिंतीले लावून ठेवल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील अशा. आणि आत गेलो.